बाहीचे टाके नेमके किती ओळींनी वाढवावेत?

कोथरूडकर

नमस्कार. सहकारनगरात राहणाऱ्या माझ्या वडिलांसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला घेतला आहे. डिसेंबर-जानेवारीत ते पहाटे तळजाईवर फिरायला जातात, तेव्हा अंगावर बाजारातला पातळ स्वेटर असतो आणि त्याच्या बाह्या मनगटाच्या वर राहतात. म्हणून या स्वेटरच्या बाह्या तरी त्यांच्या हाताच्या मापाच्याच व्हाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

लोकर तुळशीबागेतून आणली असून ती मध्यम जाडीची आहे. सुया ४ मिमीच्या, म्हणजे आपल्याकडच्या ८ नंबरच्या आहेत. ज्या पत्रकावरून मी विणत आहे त्यात १० सेंमीमध्ये २२ टाके आणि २८ ओळी असे माप दिले आहे. माझ्या नमुन्यात, म्हणजे मापासाठी विणलेल्या लहान तुकड्यात, टाके बरोबर २२ येतात, परंतु ओळी ३२ येतात. बाहीसाठी पत्रकातली सूचना अशी आहे: ४८ टाके घालावेत, बॉर्डर झाल्यावर दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवावा, असे १४ वेळा करून ७६ टाके झाले की पुढे सरळ विणावे.

वडिलांच्या हाताची मापे घेतली आहेत. मनगट १८ सेंमी, दंडाचा घेर ३२ सेंमी आणि मनगटापासून काखेपर्यंतची लांबी ४५ सेंमी. बॉर्डर ६ सेंमीची करायची आहे. ओळींचे माप जुळत नसताना पत्रकातले ‘दर सहाव्या ओळीला’ तसेच पाळावे की नव्याने हिशेब करावा? नव्याने करायचा असेल तर तो कसा मांडावा? सुई बदलून ओळी जुळवायच्या म्हटले तर टाके बिघडतील, म्हणून तो मार्ग मला नको आहे.

लोकरगुंडा

सुई बदलू नका, हा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. टाके जुळले की रुंदी जुळते, आणि रुंदी चुकली तर नंतर काही करता येत नाही. ओळींचा फरक मात्र कागदावर हिशेब करून पूर्णपणे भरून काढता येतो.

आधी पत्रकाप्रमाणे विणले तर काय होईल ते पाहू. सहा-सहा ओळींच्या १४ वाढी म्हणजे ८४ ओळी. पत्रक लिहिणाऱ्याच्या हाताने त्या ३० सेंमीमध्ये पसरतात, तुमच्या हाताने सव्वासव्वीस सेंमीतच संपतात. म्हणजे बाही कोपराच्या आसपास गरजेपेक्षा लवकर रुंद होईल आणि वर बराच भाग सरळ नळीसारखा राहील. शिवाय ७६ टाक्यांपैकी दोन शिवणीत गेले की उरलेल्या ७४ टाक्यांची रुंदी साधारण साडेतेहतीस सेंमी भरते. ३२ सेंमीच्या दंडाला, आणि तोही आत शर्ट असताना, दीड सेंमीचा सैलपणा पुरणार नाही. त्यामुळे ओळींबरोबर टाक्यांचा शेवटचा आकडाही नव्याने काढावा, असे माझे मत आहे.

आता तुमच्या मापांवरून साधे त्रैराशिक मांडू. दंडाला ४ सेंमी सैलपणा धरला तर ३६ सेंमी रुंदी हवी. १० सेंमीला २२ टाके, तर ३६ सेंमीला ७९.२. त्यात शिवणीचे दोन मिळवले की ८१ च्या थोडे वर. खाली ४८ ही सम संख्या आहे आणि दर वेळी दोन टाके वाढणार आहेत, म्हणून वरची संख्याही समच असली पाहिजे. ती ८२ धरा. खालचे ४८ ठीक आहेत, कारण शिवणीचे दोन सोडून उरलेले ४६ टाके जवळजवळ २१ सेंमी होतात आणि बॉर्डर आखडून मनगटावर नीट बसते.

४८ वरून ८२ म्हणजे ३४ टाक्यांची वाढ, अर्थात वाढीच्या १७ ओळी. बॉर्डर वजा जाता लांबी ३९ सेंमी उरते. १० सेंमीला ३२ ओळींप्रमाणे त्या १२४.८ होतात, म्हणून १२४ धरू. यांतल्या सगळ्या ओळी वाढीसाठी वापरायच्या नाहीत. बॉर्डरनंतर लगेच वाढ केली तर सांध्यापाशी कड ओढली जाते, म्हणून पहिल्या चार ओळी साध्या विणाव्यात. काखेजवळच्या शेवटच्या १२ ओळीही सरळ ठेवाव्यात, म्हणजे दंडाचा सर्वांत जाड भाग पूर्ण रुंदीत बसतो. उरल्या १०८ ओळी.

यापुढची पायरी नीट समजून घ्यावी, कारण इथेच हिशेब तुटतो. १०८ ला १७ ने भागले तर ६ येतात आणि बाकी ६ उरते. यावरून काही वाढी सहा ओळींनी आणि काही सात ओळींनी कराव्यात असे वाटेल. पण सात ओळींचे अंतर आले की वाढ एकदा सुलट बाजूला आणि एकदा उलट बाजूला पडते, आणि उलट बाजूने वाढवलेला टाका कडेला सारखा दिसत नाही. म्हणून एकेक ओळ न मोजता ओळींच्या जोड्या मोजाव्यात. १०८ ओळी म्हणजे ५४ जोड्या. ५४ भागिले १७, भागाकार ३ आणि बाकी ३. बाकी जितकी, तितक्या वेळा एक जोडी जास्त द्यायची. म्हणजे तीन वाढींना चार-चार जोड्या (८ ओळी) आणि उरलेल्या चौदा वाढींना तीन-तीन जोड्या (६ ओळी). पडताळा घ्या: ८ × ३ = २४, ६ × १४ = ८४, बेरीज १०८.

वाढ प्रत्येक गटाच्या पहिल्या ओळीला करावी. बॉर्डरनंतरची पहिली ओळ सुलट बाजूची असेल, तर सगळ्या विषम ओळी सुलट बाजूच्या होतात आणि पहिली वाढ पाचव्या ओळीला येते. आठ ओळींचे तीन गट एकत्र न ठेवता पसरले, तर वाढीच्या ओळी अशा येतील: ५, ११, १७, २३, २९, ३५, मग ४३, ४९, ५५, ६१, ६७, ७३, आणि पुढे ८१, ८७, ९३, ९९, १०५. पस्तिसाव्या ओळीनंतर सुईवर ६०, त्र्याहत्तराव्या ओळीनंतर ७२ आणि १०५ व्या ओळीनंतर ८२ टाके असले पाहिजेत. हे तीन आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लोकरीच्या पिशवीत ठेवावेत. टाके मोजताना सतराही वाढी आठवण्यापेक्षा या तीन ठिकाणी पडताळा घेणे पुष्कळ सोपे जाते.

आणखी एक. नमुना इंचपट्टीने मोजला असेल तर चार इंच म्हणजे १०.१६ सेंमी असतात हे लक्षात घ्यावे. नमुना इंचात आणि हाताची मापे सेंमीमध्ये, अशी सरमिसळ करू नये.

जुनी_वीण

लोकरगुंडा यांनी हिशेब उत्तम मांडला आहे, त्यात मला काही बदलायचे नाही. मी वाढ करण्याच्या पद्धतीविषयी सांगते, कारण आकडे बरोबर असूनही कड वेडीवाकडी दिसते ती बहुतेक यामुळेच.

वाढ अगदी कडेच्या टाक्यात कधीही करू नये. कडेचा एक टाका नेहमीप्रमाणे विणावा, मग वाढवावा, आणि दुसऱ्या टोकाला शेवटचा एक टाका उरला असताना पुन्हा वाढवावा. असे केल्याने कडेला एका टाक्याची सलग रेघ राहते आणि बाही सांधताना त्या रेघेतूनच सुई घालता येते. वाढ कडेलाच केली असेल तर दर सहा ओळींनी तिथे एक गाठाळ पायरी तयार होते आणि शिवण काही केल्या सपाट बसत नाही.

आता टाका वाढवायचा कसा? एकाच टाक्यातून आधी पुढून आणि मग मागून असे दोन टाके काढण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी चालते. ती सोपी आहे, पण तिने सुलट बाजूला एक आडवी गाठ दिसते. सुलट-सुलट विणीत (प्रत्येक ओळ सुलट) ती लपते, साध्या विणीत (एक ओळ सुलट, एक उलट) उठून दिसते. सुईवर नुसता धागा घेऊन टाका वाढवला तर भोक पडते, म्हणून तो प्रकार जाळीच्या नक्षीसाठी राखून ठेवावा. वडिलांच्या स्वेटरच्या बाहीला मी दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा उचलून त्याला पीळ देऊन विणण्याची पद्धत सुचवीन. उजव्या हाताच्या कडेला, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला, तो धागा डाव्या सुईवर मागून पुढे उचलावा आणि पुढच्या बाजूने विणावा. ओळीच्या शेवटी तो पुढून मागे उचलावा आणि मागच्या बाजूने विणावा. दोन्ही टाके परस्परांच्या विरुद्ध झुकतात आणि बाहीच्या दोन्ही कडा आरशातल्यासारख्या सारख्या दिसतात. पीळ द्यायचा राहिला तर बारीक भोक राहते. ते पुढच्याच ओळीत दिसते, त्यामुळे परतीची ओळ विणताना नजर तिथे जाऊ द्यावी.

शक्य असेल तर दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगवेगळे गुंडे घेऊन, बरोबरच विणाव्यात. एका बाहीत वाढ केली की लगेच दुसरीतही होते, आणि दोन्हींची लांबी आपोआप सारखी राहते. वाढीच्या प्रत्येक ओळीला वेगळ्या रंगाच्या धाग्याचा छोटा तुकडा टाक्यात अडकवून ठेवावा. ओळी मोजायची वेळ आली की हे तुकडे मोजले म्हणजे झाले.

कोथरूडकर

दोघांचेही मनापासून आभार. जोड्यांनी मोजण्याची गोष्ट इतकी स्पष्ट करून कुणी सांगितली नव्हती, आणि काकू, आरशाप्रमाणे झुकणाऱ्या टाक्यांचे आता नमुन्याच्या तुकड्यावरच करून पाहते.

याच अनुषंगाने आणखी एक विचारते. पाठीची बॉर्डर मी १० नंबरच्या सुईने १०२ टाक्यांवर, एक सुलट एक उलट अशी विणली आहे. ८ नंबरची सुई घेतल्यावर मला ११४ टाके हवे आहेत. पत्रकात केवळ ‘एका ओळीत सम प्रमाणात १२ टाके वाढवावेत’ एवढेच लिहिले आहे. १०२ ला १२ ने भागले तर साडेआठ येतात. अर्धा टाका कसा मोजायचा?

गणितमास्तर

हा प्रश्न बाहीच्या प्रश्नाचाच भाऊ आहे. तिथे ओळी वाटायच्या होत्या, इथे टाके वाटायचे आहेत, आणि दोन्हीकडे भागाकार व बाकी यांचाच उपयोग करायचा असतो. दशांश चिन्ह आले की विणकामाला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून भागाकार नेहमी पूर्णांकात थांबवावा.

१०२ भागिले १२, भागाकार ८, बाकी ६. याचा अर्थ बारा गटांपैकी सहा गट नऊ टाक्यांचे आणि सहा गट आठ टाक्यांचे. ५४ आणि ४८ मिळून १०२ होतात. गोल सुईवर नळीसारखे विणत असता तर नऊ, आठ, नऊ, आठ असे आळीपाळीने विणत जाऊन प्रत्येक गटानंतर एक टाका वाढवला की काम संपले असते.

तुमची पाठ मात्र सपाट विणायची आहे, आणि सपाट कापडाला दोन कडा असतात. बाराव्या गटानंतर वाढ केली तर ती थेट शिवणीत जाते. म्हणून आठाचा एक गट फोडून त्यातले चार टाके सुरुवातीला आणि चार शेवटी द्यावेत. आता आधी ४ टाके विणून एक वाढवा. मग ९, ८, ९, ८, ९, ८, ९, ८, ९, ८, ९ अशा अकरा गटांपैकी प्रत्येकानंतर एकेक वाढवा, आणि शेवटचे ४ टाके नुसते विणा. एकंदर बारा वाढी झाल्या आणि ११४ टाके मिळाले. पाठ आणि पुढचा भाग जोडल्यावर शिवणीच्या दोन्ही बाजूंचे चार-चार टाके मिळून आठांचा गट पुन्हा पूर्ण होतो, त्यामुळे अंतर कुठेही तुटल्यासारखे दिसत नाही.

पद्धतीप्रमाणे एक फरक लक्षात ठेवावा. मधला धागा उचलून वाढ करणार असाल तर नऊ टाके पूर्ण विणून मग वाढवायचे. एका टाक्यातून दोन काढणार असाल तर आठ विणून नववा टाका वाढीसाठी वापरायचा. गटातल्या टाक्यांची संख्या दोन्हीकडे तीच राहते, परंतु हा फरक ध्यानात न घेता विणले तर ओळीच्या शेवटी टाके कमी पडतात आणि दोष हिशेबाला दिला जातो.

सुईधागा

परदेशी पत्रके वापरणाऱ्यांसाठी एक लहानशी सूचना. आपल्याकडे रूढ असलेले सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी. अमेरिकन पद्धतीत नेमके उलट आहे, तिथे ८ नंबरची सुई ५ मिमीची असते आणि ४ मिमीच्या सुईला ६ नंबर म्हणतात. पत्रकात नुसते ‘८ नंबर’ लिहिले असेल तर मिलिमीटरचा आकडा शोधावा आणि त्यावरच विसंबावे. कोथरूडकर यांनी मिमी लिहिले आहेत आणि टाकेही जुळत आहेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही शंका उरत नाही.

कोथरूडकर

गणितमास्तर, तुमच्या उत्तराप्रमाणे ओळ विणली आणि टाके बरोबर ११४ भरले. आता शेवटचे विचारते. बाहीच्या मधोमध सहा टाक्यांची वेणी घालावी असे मनात आहे. वेणीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके येतील. वेणी कापड आखडते असे ऐकले आहे. मग ४८ आणि ८२ हे आकडे बदलावे लागतील का? आणि बाही अर्ध्यावर आल्यावर ओळींचे माप नमुन्यापेक्षा वेगळे येत आहे असे दिसले, तर पुढचे कसे सावरायचे?

लोकरगुंडा

वेणी कापड निश्चित आखडते, पण किती आखडते हे तुमच्या हातावर आणि लोकरीवर अवलंबून असते. म्हणून वेणी आणि तिच्या बाजूचे उलट टाके असे दहा टाके मधोमध घेऊन, दोन्हीकडे पुरेसे साधे टाके ठेवून, एक वेगळा नमुना विणावा आणि तो धुऊन वाळल्यावर त्या दहा टाक्यांची रुंदी मोजावी. साध्या विणीत दहा टाके साधारण साडेचार सेंमी व्हायला हवेत. ते साडेतीन सेंमी भरले तर एक सेंमी कमी पडली, म्हणजे जवळजवळ दोन टाके. हे दोन टाके मनगटापाशीही हवेत आणि दंडापाशीही हवेत. म्हणून ४८ चे ५० आणि ८२ चे ८४ करावेत. फरक ३४ च राहतो, त्यामुळे वाढीच्या ओळींच्या यादीला हातही लावावा लागत नाही. पडताळ्याचे आकडे मात्र दोनने वाढवून ६२, ७४ आणि ८४ असे लिहावेत. कडेला वाढलेले टाके साध्या विणीतच ठेवावेत आणि मधल्या दहा टाक्यांच्या दोन्ही बाजूंना खुणेचे धागे अडकवावेत, म्हणजे टाके वाढत गेले तरी वेणी मधोमधच राहते.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. लहान तुकडा विणताना हात जसा चालतो तसाच तो सबंध बाहीभर चालेल असे नाही. म्हणून सहाव्या वाढीचा गट पूर्ण झाल्यावर, म्हणजे ४२ ओळी झाल्यावर, बाही सपाट पृष्ठभागावर न ताणता पसरून ओळी पुन्हा मोजाव्यात. ओळी १० सेंमीला ३२ च येत असतील तर पुढे यादीप्रमाणे चालू ठेवावे. समजा त्या ३० येत आहेत. मग ३९ सेंमीला ११७ ओळी लागतील, त्या ११६ धरा. त्यातून झालेल्या ४२ आणि काखेजवळच्या सरळ १२ वजा करा, ६२ उरतात. वाढी उरल्या आहेत अकरा. ६२ ओळींच्या ३१ जोड्या, भागिले ११, भागाकार २ आणि बाकी ९. म्हणजे नऊ वाढी सहा ओळींच्या अंतराने आणि दोन वाढी चार ओळींच्या अंतराने. पडताळा: ५४ आणि ८ मिळून ६२. चार ओळींचे ते दोन गट शेजारी ठेवू नयेत. एक तिसरा आणि एक आठवा असे ठेवले तर बाहीच्या कडेचा उतार सलग राहतो. पुढची वाढ त्रेचाळिसाव्या ओळीलाच येते आणि विणलेले काहीही उसवावे लागत नाही.